मेजरसाहेबांची ती वाक्यं राहू द्या

जुन्या विनोदाचं काय करायचं, यावर गेली काही वर्षं जो वाद चालू आहे, त्यात दोन्ही बाजू आवाज चढवून बोलतात आणि ज्यावरून भांडण पेटलं ती गोष्ट मात्र फारसं कुणी नीट बघत नाही. जून 2020 मध्ये ब्रिटनमध्ये हेच झालं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची पोलिसाच्या हातून हत्या झाली आणि तिचे पडसाद ब्रिटनभर उमटले. ब्रिस्टलमध्ये गुलामांच्या व्यापारावर गब्बर झालेल्या एडवर्ड कोलस्टनचा पुतळा लोकांनी उखडून बंदराच्या पाण्यात लोटला. त्याच आठवड्यात, बीबीसीच्याच व्यापारी शाखेच्या मालकीच्या यूकेटीव्ही कंपनीने आपल्या स्ट्रीमिंग सेवेवरून 'फॉल्टी टॉवर्स' या मालिकेचा एक भाग काढून टाकला. भागाचं नाव 'द जर्मन्स'. त्यात वंशद्वेषी शब्द आहेत, हे कारण. मालिकेचे लेखक आणि नायक जॉन क्लीज भडकले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले आणि एक-दोन दिवसांतच कंपनीने भाग परत आणायचं ठरवलं, सुरुवातीला सूचनेची पाटी जोडून. वाद तेवढ्याने मिटला नाही. मालिकेला 50 वर्षं झाली, तरी तिचं नाव निघालं की 'आज हे चालेल का' हा प्रश्न पाठोपाठ येतोच.

माझं म्हणणं आधीच सांगतो. तो भाग 1975 साली जसा दाखवला गेला तसाच, एकही वाक्य न वगळता, लोकांना बघायला मिळाला पाहिजे. आधी चार ओळींची सूचना असेल तर त्यावर गळा काढण्याचं कारण नाही. पण 'अहो, विनोद आहे, सोडून द्या' असं म्हणत या भागाची बाजू घेणाऱ्यांशीही माझं जमत नाही. सोडून देण्यासारखा विनोद असता तर तो राहिला काय आणि गेला काय! राहिला पाहिजे तो यासाठी, की त्यात एका समाजाचं वागणं पकडलं आहे. हे पटवायचं तर त्यातले प्रसंग एकेक करून बघावे लागतात, आणि बघताना सगळेच प्रसंग सारख्या ताकदीचे निघत नाहीत, हेही कबूल करावं लागतं.

मालिका ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातलं एक छोटं हॉटेल. मालक बेसिल फॉल्टी वरच्या वर्गातल्या गिऱ्हाइकापुढे लोटांगण घालणारा आणि बाकी सगळ्यांवर खेकसणारा. हॉटेल खऱ्या अर्थाने चालवते ती त्याची बायको सिबिल. पॉली नावाची शहाणी वेट्रेस आणि बार्सिलोनाहून आलेला, इंग्रजीशी झटापट करणारा वेटर मॅन्युएल. सगळे मिळून फक्त 12 भाग, 1975 साली 6 आणि 1979 साली 6. लेखन क्लीज आणि कॉनी बूथ यांचं. पॉलीची भूमिकाही बूथ यांचीच. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 2000 साली ब्रिटिश टीव्हीवरच्या सर्वोत्तम 100 कार्यक्रमांची यादी केली, तीत ही मालिका पहिली आली. 'द जर्मन्स' हा पहिल्या सहा भागांतला शेवटचा, 24 ऑक्टोबर 1975 रोजी बीबीसी 2 वर दाखवलेला.

गोष्ट अशी. सिबिलच्या पायाच्या बोटात नख रुतलंय म्हणून ती हॉस्पिटलात दाखल होते आणि हॉटेल बेसिलच्या ताब्यात येतं. आगीच्या कवायतीचा बोजवारा उडतो, स्वयंपाकघरात खरोखरची आग लागते, गोंधळात बेसिलच्या डोक्यात तवा बसतो आणि तोही हॉस्पिटलात पोचतो. तिथून तो डोक्याला बँडेज बांधलेल्या अवस्थेत निसटून परत येतो, तोवर काही जर्मन पाहुणे उतरलेले असतात. त्यांच्यासमोर युद्धाचा विषय काढायचा नाही, असं तो इतरांना दटावतो आणि स्वतः दुसरं काही बोलूच शकत नाही. जेवणाची ऑर्डर घेताना पदार्थांच्या जागी गोबेल्स, गोअरिंग अशा नाझी नेत्यांची नावं तोंडातून निघतात, सॅलडला तो कोल्डिट्झ हे युद्धकैद्यांच्या तुरुंगाचं नाव लावतो. टेबलावरची एक बाई रडू लागते. तिला हसवायला म्हणून तो आणखी एक युद्धावरचाच विनोद सांगतो आणि शेवटी हात उंचावून, पाय ताठ फेकत हिटलरची चाल करून दाखवतो. युद्धाचं बोलणं थांबवाल का, असं पाहुणा विचारतो तेव्हा बेसिल म्हणतो, सुरुवात तुम्ही केली. पाहुणा म्हणतो, आम्ही नाही केली. बेसिल म्हणतो, केलीच, पोलंडवर आक्रमण तुम्ही केलं. भाग संपतो तेव्हा भिंतीवरून निखळलेलं मूसचं डोकं (सांबरासारख्या एका प्राण्याचं, पेंढा भरलेलं) लागून बेसिल जमिनीवर पडलेला असतो आणि जर्मन पाहुणे एकमेकांना विचारतात, ही माणसं युद्ध जिंकली तरी कशी?

ज्यावरून गदारोळ झाला तो प्रसंग मात्र हा नव्हे. तो आधीच येऊन जातो. मेजर गोवेन हे हॉटेलात कायम मुक्कामाला असलेले निवृत्त म्हातारे. एका बाईला कधीकाळी ओव्हलवर भारताची मॅच बघायला नेल्याची आठवण ते बेसिलला सांगतात. ती बाई म्हणे सकाळभर भारतीय खेळाडूंचा उल्लेख काळ्या लोकांसाठीच्या एका शिवीने करत होती. मेजरनी तिची चूक सुधारली: छे छे, तो शब्द वेस्ट इंडियन लोकांसाठी, भारतीयांसाठी दुसरा आहे. आणि तो दुसरा शब्दही ते उच्चारतात. मी ते दोन्ही शब्द इथे छापत नाही. लेखाचं त्यांच्यावाचून अडत नाही. मेजरच्या तोंडून मात्र ते काढले तर प्रसंगच उरत नाही. एका शिवीची दुरुस्ती दुसऱ्या शिवीने करणारा आणि आपण अचूक बोललो, सभ्यपणे बोललो, या समाधानात राहणारा माणूस, एवढाच तर तो प्रसंग आहे.

आता भारतीय, त्यातही मराठी वाचकाने या वादाकडे दुरून पाहण्याचं कारण नाही. मेजर ज्यांची वर्गवारी करतात त्यांत आपली माणसं आहेत. आठवणीतली मॅच कुठल्या सालची ते संवादात येत नाही. पण ओव्हल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मे 1946 मध्ये याच मैदानावर सरे काउंटीविरुद्ध दहाव्या क्रमांकावर आलेला चंदू सरवटे आणि अकराव्या क्रमांकावरचा शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या विकेटसाठी 249 धावा जोडल्या, दोघांनीही शतकं ठोकली. 24 ऑगस्ट 1971 रोजी अजित वाडेकरच्या संघाने याच ओव्हलवर इंग्लंडला हरवलं; चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेऊन इंग्लंडचा डाव 101 वर गुंडाळला होता. इंग्लंडच्या भूमीवरचा भारताचा तो पहिला कसोटी विजय, आणि मालिकाही आपण जिंकली. मेजरचा प्रसंग टीव्हीवर आला तो त्यानंतर चार वर्षांनी. घरबसल्या बघणाऱ्या ब्रिटिश प्रेक्षकाला हे ताजं आठवत होतं. भारतीय क्रिकेटपटूंना कुठल्या शिवीच्या खणात ठेवायचं याचा काथ्याकूट करणारा म्हातारा त्या प्रेक्षकाच्या नजरेत काळाच्या किती मागे पडला असेल, याचा विचार भाग काढून टाकणाऱ्यांनी केला का?

आणि तो मेजर कोण आहे, हेही याच भागात दाखवलं आहे. मॅन्युएल काउंटरच्या आडून इंग्रजीचा सराव करत असतो. मेजरना वाटतं, समोरचं मूसचं डोकंच बोलतंय. ते त्याच्याशी रीतसर गप्पा मारतात. हे आलं कुठून, असं मग बेसिलला विचारतात. कॅनडाहून, असं कळल्यावर कॅनडाचे लोक इतके हुशार असतील असं वाटलं नव्हतं म्हणून चकित होतात. भिंतीवरच्या डोक्याशी गप्पा मारणारा हा माणूस, आणि जगातल्या जातीजमातींची नावं नेमकी कुठली हे ठामपणे सांगणाराही हाच. दोन प्रसंगांतला हा धागा तोडला तर पहिला नुसता शिवीगाळ उरतो आणि दुसरा नुसता चावटपणा.

इथवर वाचून क्लीज यांचे चाहते मान डोलावतील. त्यांना मी इथेच थांबवतो, कारण समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा अजून आलेला नाही, आणि तो खोडायला 'टिंगल मेजरचीच आहे' एवढं म्हणणं पुरत नाही. टिंगल मेजरचीच आहे हे खरं. पण प्रेक्षक तीच टिंगल बघतो याची हमी कोण देणार? ब्रिटनमध्येच 1965 ते 1975 या काळात 'टिल डेथ अस डू पार्ट' ही मालिका चालली. तिच्यातला आल्फ गार्नेट परदेशी लोकांच्या, काळ्या लोकांच्या, ज्यूंच्या नावाने बोटं मोडायचा. लेखक जॉनी स्पाइट यांना त्याचं हसं करायचं होतं. ती भूमिका करणारे वॉरन मिचेल स्वतः ज्यू. आणि लोक त्यांना रस्त्यात गाठून शाबासकी द्यायचे, त्या लोकांना तुम्ही बरं सुनावता म्हणून! याच मालिकेवरून अमेरिकेत 'ऑल इन द फॅमिली' निघाली. तिच्याबद्दल नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात मुळात पूर्वग्रह होते, त्यांना मालिकेतला वंशद्वेषी आर्ची बंकरच आवडत होता आणि त्याचंच म्हणणं बरोबर वाटत होतं. म्हणजे आरसा धरला आणि बघणाऱ्याने त्यात स्वतःला बघून मिशीला पीळ दिला. हा मुद्दा खरा आहे आणि तो मी मान्य करतो.

दुसरा मुद्दाही मान्य. युद्धाचा विषय काढू नका, हे बेसिलचं वाक्य पुढे इंग्रज लोकांनी जर्मनांना डिवचण्यासाठीच वापरलं. ज्या माणसाला युद्धाबाहेर पडता येत नाही त्याच्यावर केलेला विनोद त्याच माणसांनी आपल्या झेंड्यासारखा मिरवला. 1996 सालच्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत इंग्लंड-जर्मनी सामन्याआधी 'डेली मिरर'ने पहिल्या पानावर जर्मनांना शरण येण्याचा हुकूम सोडला होता, खेळाडूंच्या छायाचित्रांना सैनिकांची शिरस्त्राणं चढवून. संपादकांना बेसिल वेडा आहे हे कळलं नव्हतं असं थोडंच आहे? कळूनही तो त्यांना जवळचा वाटला.

तिसरी कबुली माझ्या स्वतःच्या निरीक्षणातून आलेली आहे, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मेजरचा प्रसंग या भागातला सर्वांत दुबळा आहे. ज्यांच्याबद्दल बोललं जातंय त्यांतलं कुणीही त्या खोलीत नाही. जेवणघरातल्या प्रसंगात जर्मन समोर बसलेले आहेत. ते नम्र आहेत, बेसिलच्या भाषेत बोलतात, दुखावले जातात, उत्तर देतात आणि शेवटचं वाक्यही त्यांचंच आहे. त्यामुळे हसू कुणावर उलटतंय याबद्दल शंका राहत नाही. मेजरसमोर ना भारतीय आहे ना वेस्ट इंडियन. त्याला कुणी उत्तर देत नाही. सगळी भिस्त प्रेक्षकाच्या समजुतीवर. 1975 साली लंडनमध्ये किंवा लेस्टरमध्ये टीव्हीपुढे बसलेल्या भारतीय कुटुंबाला त्या क्षणी हसू आलं असेल का? त्याच सुमाराला 'द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' हा तोंडाला काळं फासून गाण्याचा कार्यक्रम बीबीसीवर दिमाखात चालू होता, 1958 ला सुरू होऊन 1978 पर्यंत. ज्या पडद्यावर हे चालतं, त्याच पडद्यावरून आलेली शिवी उपहासाची आहे हे त्या कुटुंबाने गृहीत धरावं ही अपेक्षा जास्तच होती. त्यांना राग आला असेल तर त्या रागाला 'तुम्हाला विनोद कळत नाही' हे उत्तर नाही.

एवढं मान्य करूनही तो प्रसंग ठेवा म्हणतो, ते का? कारण मेजरचं बोलणं ऐकून बेसिल काय करतो ते बघा. तो चमकत नाही, थांबवत नाही, विषयही बदलत नाही. बायकांचा असाच घोळ होतो, त्यांना विचार करता येत नाही, आमच्या सिबिलचं रोज बघतो ना, अशा अर्थाचं काहीतरी बोलून तो संभाषण पुढे नेतो. खोलीतलं वातावरण तसूभरही बिघडत नाही. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये राहिलेल्या आपल्या माणसांना विचारा. रस्त्यावरच्या गुंडाने दिलेली शिवी हा एक अनुभव होता. पण ऑफिसात, क्लबात, शेजारच्या बागेत, चहाचा कप हातात धरून कुणीतरी सहज तसं बोलून जावं आणि बाकीच्यांनी 'पावसाचं काही खरं नाही' अशा सुरात ते पुढे न्यावं, हा दुसरा अनुभव होता आणि त्याची नोंद कुठल्याही पोलीस ठाण्यात होत नव्हती. ती नोंद इथे आहे. ज्यांनी तो प्रसंग लिहिला त्यांच्या मनात हे इतकं स्पष्ट होतं की नाही, मला ठाऊक नाही आणि त्याने फरक पडत नाही. प्रसंगात ते उतरलं आहे. 2013 साली बीबीसीने हा भाग पुन्हा दाखवताना मेजरची वाक्यं कापली. कापल्यावर उरलेला मेजर हा क्रिकेटच्या आठवणींत रमणारा निरुपद्रवी आजोबा आहे. त्या पिढीचं यापेक्षा लाडिक आणि खोटं चित्र दुसरं काढता आलं नसतं.

कात्री चालवणाऱ्यांचं लक्ष कुठे होतं, हे आणखी एका प्रसंगावरून कळतं, ज्याबद्दल या वादात कुणी अवाक्षर काढलेलं मला आढळलं नाही. सिबिलच्या हॉस्पिटलात डॉक्टर बेसिलशी बोलायला येतात. बेसिल वळतो, समोर कृष्णवर्णीय डॉक्टर बघतो आणि क्षणभर दचकतो. मग सावरून बोलू लागतो. बस, एवढंच. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. हे त्यांना रोजचंच आहे. एकही शिवी नाही, एकही आक्षेपार्ह शब्द नाही, म्हणून हा प्रसंग कुठल्याही यादीत आला नाही. पण या भागात वंशद्वेष दिसतो तो सर्वांत स्वच्छ इथेच. त्या डॉक्टरांची भूमिका लुइस महोनी यांनी केली. गाम्बियात जन्मलेले महोनी पुढे नटांच्या संघटनेत वंशभेदाविरुद्ध वर्षानुवर्षं लढले. ब्रिटनची आरोग्यसेवा तेव्हा भारत, पाकिस्तान, कॅरिबियन बेटं, आफ्रिका इथून आलेल्या डॉक्टरांवर आणि नर्सेसवर उभी होती. मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांतून गेलेले मराठी डॉक्टरही त्यांत होते. ज्यांच्या हातात आपला जीव द्यायचा त्यांना बघून दचकायचं, हा त्या काळाचा दुटप्पीपणा अर्ध्या सेकंदात दाखवणारा नट आणि तो झेलणारा नट, दोघांचंही हे काम मोठं आहे. शब्द मोजणाऱ्या कात्रीला ते दिसणारच नव्हतं.

इथे मला आपल्याकडचा 'कीचकवध' आठवतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक 1907 साली रंगभूमीवर आलं. त्यात कर्झनचं नाव नाही, इंग्रजांचा उल्लेख नाही, सरकारविरुद्ध एक अक्षर नाही. महाभारतातली कथा, विराटाचा दरबार, सैरंध्री आणि कीचक. पण थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कीचक म्हणजे कोण आणि द्रौपदी म्हणजे कोण हे कळत होतं, आणि गंमत म्हणजे इंग्रजांनाही कळलं. टिळकांनी पुढे ज्याच्यावर लंडनला जाऊन खटला भरला त्या व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने या नाटकाचं वर्णन करताना प्रत्येक पात्रामागे कोण दडलंय ते सांगितलं आहे: द्रौपदी म्हणजे भारत, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. बंदी अन्यायाचीच होती. पण त्या सरकारला एक गोष्ट पक्की समजली होती, की अर्थ सुट्या शब्दात नसतो, प्रसंगात असतो. शत्रू म्हणून का होईना, त्यांनी नाटक नीट वाचलं होतं. 110 वर्षांनी त्याच देशातल्या एका कंपनीने स्वतःच्याच खजिन्यातला कार्यक्रम तेवढ्या लक्षाने बघू नये? सद्हेतूने केलेली बंदी दुष्ट हेतूने केलेल्या बंदीपेक्षा अडाणी निघावी, याचं मला वाईट वाटतं.

आता दुसऱ्या गोटाकडे. त्यांचा आवडता सूर असा, की हल्ली लोक फार हळवे झालेत, अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपलं, उद्या शेक्सपियरही जाळतील. हा कांगावा आहे. यूकेटीव्ही म्हणजे सरकार नव्हे. कुणाला अटक झाली नाही, कुठलं प्रेक्षागृह पोलिसांनी बंद केलं नाही. ब्रिटनमध्ये 1737 पासून 1968 पर्यंत प्रत्येक नाटक लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मंजूर होऊन यावं लागे. सेन्सॉरशिप म्हणतात ती ती. आपल्याकडे 1876 चा नाट्यप्रयोग कायदा होता, स्वातंत्र्यानंतरही मराठी नाटकवाल्यांना परिनिरीक्षण मंडळाशी कोर्टात भांडावं लागलं आहे. ज्यांनी ते सोसलं त्यांच्या पंगतीत एक-दोन दिवस गायब झालेल्या टीव्हीच्या भागाला बसवणं बरं नव्हे. शिवाय सूचनेच्या पाटीला विरोध कशासाठी? पुस्तकाला प्रस्तावना असते, जुन्या नाटकाच्या नव्या आवृत्तीला टिपा असतात, त्याने मूळ संहितेचा अपमान होतो असं कुणी म्हणत नाही.

पण याच तुलनेतून कंपन्यांविरुद्धची खरी तक्रारही निघते. लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयात प्रत्येक नाटकावर वाचकाचा अहवाल लिहिला जाई: काय खटकलं, कुठली ओळ गाळा, का गाळा. ते अहवाल आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, अभ्यासक ते वाचून त्या सेन्सॉरचं हसं करतात. सर्व्हरवरून एखादा भाग काढला किंवा त्यातली दीड मिनिटं कापली, तर मागे काय राहतं? कुणी ठरवलं, कुठल्या बैठकीत, भाग पूर्ण बघून की शब्दांची यादी लावून? पूर्वी वाहिनीने एखादा कार्यक्रम पुन्हा दाखवला नाही तरी घराघरांत व्हिडिओ कॅसेट असायची, नंतर डीव्हीडी आली. आता घरात काहीच नसतं; कंपनी दाखवील तेच बघायचं, आणि आज बघितलेलं उद्या तेच असेल याची खात्री नाही. 2013 सारखी कापाकापी पडद्यावर एक ओळही न लिहिता होते तेव्हा नव्या प्रेक्षकाला काही कापलं गेलंय हेच कळत नाही. मला राग आहे तो या गुपचूपपणाचा. काढायचं तर सही करून काढा.

क्लीज यांनी 2024 साली लंडनच्या रंगभूमीवर या मालिकेचं नाटक आणलं तेव्हा मेजरच्या तोंडचे ते शब्द त्यांनी स्वतःच वगळले. टीकाकारांना लगेच आनंद झाला: बघा, आता हेही शरण गेले! मला यात विसंगती दिसत नाही. आज रंगमंचावर उभा राहून एक जिवंत नट, समोर बसलेल्या जिवंत प्रेक्षकांपुढे, त्यांत कदाचित ओव्हलजवळच राहणारं भारतीय कुटुंब असेल त्यांच्यापुढे, ते शब्द नव्याने उच्चारतो तेव्हा ते आजचं बोलणं होतं. ते टाळायचा लेखकाला अधिकार आहे आणि टाळलं हे बरंच झालं. प्रसंग दुबळा होता हे मी वर म्हटलंच आहे. 1975 सालचं चित्रीकरण मात्र होऊन गेलेलं बोलणं आहे. ते कुणीही नव्याने बोलत नाही, ते कधी आणि कसं बोललं जात होतं त्याचा तो पुरावा आहे. प्रयोग बदलता येतो, पुरावा बदलता येत नाही. या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्यामुळे निम्मा वाद उगाच पेटलेला आहे.

या भागाचा जो मोठा विषय आहे तो तर या सगळ्या धुरळ्यात पार हरवला. 5 जून 1975 रोजी ब्रिटनने सार्वमत घेऊन युरोपच्या सामायिक बाजारपेठेत राहायचं ठरवलं, 67 टक्के लोकांनी होकार दिला. त्यानंतर पाचव्या महिन्यात हा भाग दाखवला गेला. आता आपण सगळे एकाच बाजारपेठेत, जुनी भांडणं संपली, अशा आशयाचं बेसिल त्या जर्मनांना उत्साहाने सांगतो आणि त्याच श्वासात युद्धावर घसरतो. मतपेटीत होकार टाकलेला देश मनाने अजून 1940 सालातच बसलेला आहे, हे क्लीज आणि बूथ यांनी तेव्हा दाखवलं. 2016 साली ब्रिटनने युरोप सोडायचं ठरवलं, त्या प्रचारात डंकर्क आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणी किती वेळा काढल्या गेल्या ते आठवून बघा. या भागावर चर्चा करायचीच तर याची करायला हवी होती. चाळीस वर्षं आधी एका विनोदी मालिकेने जे निदान केलं होतं, ते शिकवायचं सोडून आपण तिच्यातली दोन वाक्यं काढायची की ठेवायची यात अडकलो.

आणि मॅन्युएल. बेसिल ज्याच्या टाळक्यात सारखा मारत असतो तो परदेशी वेटर रंगवणारे अँड्र्यू सॅक्स 1930 साली बर्लिनमध्ये जन्मले. वडील ज्यू. 1938 साली, आठव्या वर्षी, हिटलरच्या जर्मनीतून कुटुंबासह ते इंग्लंडला आले. याच भागातल्या आगीच्या प्रसंगासाठी त्यांच्या कपड्यांना धूर निघावा म्हणून रसायनं लावली होती, त्या रसायनांनी सॅक्स यांना खरोखर भाजलं. हिटलरची चाल करून दाखवणारा बेसिल, त्याच हॉटेलात राबणारा सॅक्स यांचा मॅन्युएल, आणि शेवटी मूसच्या डोक्याच्या फटक्याने दोघंही जमिनीवर. या संचात युद्धाची थट्टा करण्याचा हक्क कुणाला असेल तर तो सॅक्स यांना होता. हा भाग जर्मनांची टवाळी करतो की इंग्रजांची, असा प्रश्न ज्यांना अजूनही पडतो त्यांनी सूचनेची पाटी लिहिणाऱ्या कंपनीला एवढंच सुचवावं, की 'आक्षेपार्ह भाषा' या दोन शब्दांवर थांबू नका. मेजरचा प्रसंग 2013 साली कापला होता, 2020 साली पूर्ण भाग काढला होता, नंतर परत आणला, हे तारखांसकट लिहा. डॉक्टर कोण होते, मॅन्युएल कोण होता, ते लिहा. दहा ओळी होतील. दहा ओळी वाचायला प्रेक्षक तयार असतो.